अठरा, सहा की चार? जुन्या पायथॉनच्या निरोपाची गोष्ट

हे आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बसमध्ये ऐकताना आवाज तुटला असेल, तर इथे निवांत वाचा.

सुरुवात एका बाळबोध प्रश्नाने करू. 'जानेफळ' या शब्दात अक्षरं किती? जा, ने, फ, ळ. चार. पहिलीतलं पोरगंही सांगेल. जानेफळ म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं, मेहकर तालुक्यातलं. या नावाची गावं मराठवाड्यातही आहेत, पण अक्षरं सगळीकडे चारच.

आता हाच प्रश्न कॉम्प्युटरला विचारा. पायथॉन २ मध्ये हा शब्द साधा अवतरणचिन्हांत टाकून लांबी विचारली, तर नेहमीच्या लिनक्स मशीनवर उत्तर येतं अठरा. पायथॉन ३ मध्ये तोच शब्द, तीच आज्ञा, आणि उत्तर येतं सहा.

अठरा कुठून आले? पायथॉन २ अक्षरं मोजतच नव्हता, तो बाइट मोजत होता. यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ज, काना, न, मात्रा, फ, ळ अशी सहा चिन्हं, म्हणून सहा त्रिक अठरा. पायथॉन ३ चिन्हं मोजतो, म्हणून सहा. काना आणि मात्रा तो वेगळ्या धरतो, तेवढं आपलं आणि त्याचं अजून जुळायचं आहे. पण अठरावरून सहावर येणं ही मोठी मजल होती, आणि ती मारताना पायथॉनच्या जगात अकरा वर्षं भांडण चाललं. जुनी आवृत्ती बंद करायची तर कधी? कोणी ठरवायचं? आणि जे मागे राहतील त्यांचं काय? आजचा भाग यावर आहे. वाटेत आपण मोडी लिपीकडेही जाणार आहोत, कारण हाच पेच महाराष्ट्रात कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी येऊन गेलेला आहे.

आधी हे अठराचं प्रकरण नीट समजून घेऊ. पायथॉन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच माणसाने १९८९ च्या डिसेंबरमध्ये लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. त्या काळी कॉम्प्युटरचं लेखन म्हणजे मुख्यतः आस्की. १२८ जागांची यादी, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं. मराठी, तमीळ, अरबी, चिनी कोणालाच त्यात जागा नाही. २००० साली पायथॉन २.० आला तेव्हा त्यात युनिकोडची सोय झाली, पण ती वेगळ्या खोलीत. म्हणजे साधा मजकूर हा बाइटचा आणि युनिकोड मजकूर हा निराळा प्रकार. अवतरणचिन्हाच्या आधी 'यू' हे अक्षर लावलं तरच तो युनिकोड.

आणि या दोन प्रकारांची सरमिसळ झाली की खरी गंमत. पायथॉन २ गुपचूप समजायचा की समोरचा मजकूर आस्कीच असणार. नावं इंग्रजीत असेपर्यंत सगळं झकास चालायचं. प्रोग्राम तपासला, ग्राहकाला दिला, महिनाभर चालला, आणि मग कोणीतरी पहिल्यांदा 'सुनीता' असं देवनागरीत टाकलं की प्रोग्राम आडवा. जी एरर यायची तिच्यात 'शून्य एक्स ई शून्य' या बाइटची तक्रार असायची. देवनागरीचं कुठलंही चिन्ह यूटीएफ-८ मध्ये याच बाइटने सुरू होतं. म्हणजे दोष मराठीचा नाही, पण एररमध्ये नाव मराठीचंच. ज्यांनी त्या काळात भारतीय भाषांसाठी कोड लिहिला त्यांना हा बाइट तोंडपाठ असेल.

हे दुरुस्त करायचं तर भाषेचा पायाच बदलायला हवा होता. ३ डिसेंबर २००८ ला पायथॉन ३.० आला. मजकूर म्हणजे युनिकोड, बाइट म्हणजे बाइट, आणि दोघांची गुपचूप सोयरीक बंद. सोबत आणखी बदल होते. छापण्याच्या आज्ञेला कंस लागायला लागला, एकाला दोनने भागलं तर शून्याऐवजी अर्धा यायला लागला. पण कंस लावणं सोपं असतं. खरं दुखणं मजकुराचं होतं, कारण त्यासाठी प्रत्येक ठिकाणी थांबून विचारावं लागत होतं: हा माणसाने वाचायचा मजकूर आहे की नुसते बाइट?

(जाता जाता. पीएचपीनेही हेच करून पाहिलं. पीएचपी ६ ही आवृत्ती आतून युनिकोड असणार होती. काम इतकं वाढलं की २०१० मध्ये तो बेत सोडून दिला आणि पुढे ५ नंतर थेट ७ आली, डिसेंबर २०१५ मध्ये. आवृत्ती ६ आलीच नाही. तेव्हा पायथॉनवाल्यांना नावं ठेवण्याआधी हे लक्षात ठेवा की दुसऱ्या एका मोठ्या भाषेला हा डोंगर चढताच आला नाही.)

आता 'सपोर्ट' म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर भांडण कळणार नाही. जुनी आवृत्ती बंद केली म्हणजे ती तुमच्या मशीनवरून कोणी उचलून नेत नाही. ती चालतच राहते. फक्त तिच्यात भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येत नाही. आणि आधार चालू ठेवणं म्हणजे काय, तर प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची, प्रत्येक चाचणी दोनदा चालवायची, आणि नव्या भाषेत जी सोय आहे ती वापरायची नाही, कारण तोच कोड जुन्यावरही चालला पाहिजे. हे काम करणारे बहुतेक लोक बिनपगारी, रात्री जेवण झाल्यावर बसणारे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं लायब्ररी लिहिणाऱ्यांचं झालं होतं. दोन्ही आवृत्त्यांना खूश ठेवायचं आणि दोन्हीकडून बोलणी खायची.

सुरुवातीचा बेत असा होता: लोक आपला जुना कोड एका रूपांतर करणाऱ्या साधनात टाकतील, तो नवा होऊन बाहेर येईल, आणि पाचेक वर्षांत सगळे नव्या घरात राहायला जातील. तसं झालं नाही. काऊन नाही झालं? कारण कोणीच एकटा राहत नव्हता. तुमचा प्रोग्राम दहा लायब्रऱ्यांवर उभा, त्यातल्या नऊ नव्या झाल्या आणि एक नाही, तर तुम्ही हलू शकत नाही. लायब्ररीवाला म्हणतो, माझे वापरणारे जुन्यावर आहेत, मी कशाला हलू? वापरणारा म्हणतो, लायब्ररी जुन्यावर आहे, मी कसा हलू? आधी तू की आधी मी यात काही वर्षं गेली.

यात एक अन्याय असा झाला की तो मला अजूनही टोचतो. पायथॉन २ मध्ये ज्यांनी मन लावून, नियमाप्रमाणे, प्रत्येक मजकुरामागे ते 'यू' लावलं होतं, म्हणजे ज्यांनी मराठी-तमिळांची काळजी घेतली होती, त्यांचाच कोड पायथॉन ३.० मध्ये मोडला. ३.० ने ते 'यू' हद्दपारच केलं होतं. सगळं युनिकोडच आहे, मग 'यू' कशाला? तर्क बरोबर. पण ज्याने आधी नीट लिहिलं त्यालाच शिक्षा. शेवटी आर्मिन रोनाखर, म्हणजे फ्लास्क लिहिणारा, याने पुढाकार घेऊन प्रस्ताव मांडला, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.३ मध्ये 'यू' परत आलं. ते काहीच करत नाही. नुसतं लिहिलेलं चालतं. पण त्या काहीच न करणाऱ्या अक्षरामुळे एकच फाइल दोन्ही आवृत्त्यांत चालू लागली आणि गाडं हललं. 'सिक्स' नावाची एक छोटी लायब्ररीही याच कामाची. दोन गुणिले तीन म्हणजे सहा, म्हणून सिक्स.

तारखेचं काय? पायथॉन २.७ ही दुसऱ्या मालिकेतली शेवटची आवृत्ती जुलै २०१० ला आली. तिचा आधार २०१५ ला संपणार असं ठरलं होतं. २०१४ मध्ये, कॅनडातल्या माँट्रियलच्या पायकॉन परिषदेच्या सुमारास, गिडोने ती मुदत वाढवून २०२० केली. लोकांनी त्यावर टीका केली की असं वाढवत राहिलं तर कोणी हलणारच नाही. माझं मत उलट आहे. २०१५ ची तारीख कोणी मनावर घेतली नव्हती, कारण पूल बांधून झाला नव्हता. २०२० च्या तारखेला मात्र 'आता यापुढे वाढ नाही' हे जोडलेलं होतं, आणि ते पाळलं गेलं. मुदतवाढ एकदाच दिली की ती मुदतवाढ असते. तीनदा दिली की सवय होते, हे आपल्याला पॅन-आधार जोडणीच्या तारखांवरून चांगलं माहीत आहे.

आता या सगळ्यातला मला सगळ्यात शहाणपणाचा वाटणारा भाग. नमपाय नावाची लायब्ररी आहे, आकडेमोडीची. डेटा सायन्सचं अर्धं जग तिच्यावर उभं आहे. त्यांनी २०१७ मध्ये एक बेत जाहीर केला आणि त्यात एक नाही, दोन तारखा होत्या. २०१८ संपेपर्यंत सगळं काही दोन्ही आवृत्त्यांवर मिळेल. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सोयी फक्त पायथॉन ३ वर. पण जुन्यावर चालणारी जी शेवटची आवृत्ती असेल, तिच्या चुकांची दुरुस्ती २०१९ च्या शेवटापर्यंत चालू राहील. म्हणजे नवं लिहिणं कधी थांबणार ही एक तारीख, आणि जुनं सांभाळणं कधी थांबणार ही दुसरी. जँगोनेही तेच केलं. डिसेंबर २०१७ ला आलेली जँगो २.० फक्त पायथॉन ३ वर, पण पायथॉन २ वाल्यांसाठी जँगो १.११ ची देखभाल एप्रिल २०२० पर्यंत.

या दोन तारखांमुळे मला मोडी आठवली.

मोडी ही कोणे एके काळची, संग्रहालयातली लिपी नव्हती. शिवकाळापासून पेशवाईपर्यंत आणि त्यानंतरही मराठी कारभाराची रोजची लिपी तीच. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग हात न उचलता खाली अक्षरं लटकवत जायची. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. वेगासाठी बनलेली लिपी, आजच्या भाषेत शॉर्टहँडच्या जवळ जाणारी. देवनागरीला तेव्हा बाळबोध म्हणायचे. ती पोथ्यांची आणि शिकवण्याची. छपाई आल्यावर तराजू बाळबोधकडे झुकला. मोडीचेही खिळे पाडले गेले होते. विल्यम कॅरीचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनीच छापला होता, बंगालमधल्या सेरामपूरला (आपल्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरला नव्हे). पण १८३१ चा मोल्सवर्थचा कोश बाळबोधमध्ये आला, आणि शाळेची पुस्तकंही त्याच वाटेने गेली.

मग १९१७ साली मुंबई सरकारने ठरवलं की कारभारात मोडीऐवजी बाळबोध वापरायची. कारण प्रशासकीय सोय आणि एकसारखेपणा. पायथॉन ३ मागेही नेमकी हीच दोन कारणं होती, आणि निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. एका इलाख्यात एकच लिपी असणं सोयीचंच. मोडी एका दिवसात गेलीही नाही. त्यानंतर कित्येक वर्षं, थेट १९५० च्या दशकापर्यंत, ती शाळांत शिकवली जात होती. म्हणजे नवं लिहिणं थांबवण्याची तारीख ठरली होती. दुसरी तारीख मात्र कोणी ठरवलीच नाही. जुनं वाचणारी माणसं किती दिवस लागतील, ती कुठून येतील, त्यांना तयार कोण करणार? ज्यांना मोडी येत होती ती पिढी म्हातारी झाली, गेली, आणि आधार आपोआप संपला. तारखेविना.

आपल्या भागाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. १९१७ साली जानेफळ मुंबई इलाख्यात नव्हतंच. वऱ्हाड कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचं, कारभार इंग्रजांचा, आणि १९०३ पासून ते मध्य प्रांताला जोडलेलं. तेव्हा मुंबईचा हुकूम इथे चालत नव्हता. बुलढाणा जिल्ह्याची हद्द ओलांडून जालन्याकडे गेलं की खुद्द निजामाचं राज्य, तिथे सरकारी भाषा उर्दू. वऱ्हाड मुंबई राज्यात आलं ते १९५६ ला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे ज्याचे सोयरे हद्दीच्या दोन्ही बाजूंना होते, त्याच्या घराण्याच्या कागदांत दोन-तीन लिप्या निघू शकतात. एकाच कुटुंबाच्या तीन आवृत्त्या, आणि एकही दुसरीत आपोआप उघडत नाही.

हे सगळं जुन्या इतिहासाच्या हौशींपुरतं आहे असं वाटत असेल, तर सप्टेंबर २०२३ आठवा. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. महसुलाचे, शाळांचे, जन्ममृत्यूचे जुने दप्तर उघडले गेले आणि बघतात तर कागद मोडीत किंवा उर्दूत. एका नोंदीवर दाखला अवलंबून, दाखल्यावर शिक्षण आणि नोकरी अवलंबून, आणि ती नोंद वाचणारा माणूस शोधत फिरायची वेळ. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो. हे शंभर वर्षांपूर्वीच्या एका 'सपोर्ट बंद' चं बिल आहे, आणि ते ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्या दारात न येता त्यांच्या पणतवंडांच्या दारात आलं.

मोडीला कॉम्प्युटरवर जागा मिळाली ती जून २०१४ मध्ये, युनिकोडच्या ७.० आवृत्तीत. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडी शिकवण्याचे वर्गही घेतो. म्हणजे वाचण्याचा आधार पुन्हा उभा केला जातोय. पण मधल्या काळात जे वाचलं गेलं नाही, ज्या बस्त्यांना वाळवी लागली, ते परत येणार नाही.

लिपी सोडून सॉफ्टवेअरकडे परत येऊ, कारण मराठीत मोडीसारखंच दुसरं प्रकरण आपल्या डोळ्यांदेखत घडलं. फॉन्टचं. युनिकोड सगळीकडे पोचण्याआधी मराठी टाइप व्हायचं ते श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टांत. यात खरी मराठी नसायचीच. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं, तर फाइलमध्ये जाऊन बसायची इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, बी, एच. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मुखवटा गळून पडायचा. ज्यांनी एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून 'दादा, हे असं का दिसतंय?' विचारलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळलं असेल.

विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आलं. पण छापखाने आणि दैनिकं पुढे कित्येक वर्षं जुन्याच फॉन्टांवर राहिली, आणि त्याला कारण होतं. छपाईची सॉफ्टवेअरं युनिकोड मराठीची जोडाक्षरं नीट दाखवत नव्हती, आणि ऑपरेटरचा हात जुन्या कीबोर्डवर बसलेला. इथे तर पहिलीही तारीख कोणी ठरवली नाही. म्यानमारने मात्र ठरवली. त्यांच्याकडे झॉजी नावाचा असाच जुगाड फॉन्ट देशभर फोनांत बसला होता. १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस त्यांनी देशाने युनिकोडवर जायचा दिवस म्हणून जाहीर केला. आपल्याकडे तसा दिवस झाला नाही. १९९० च्या दशकातली किती तरी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं आज कोणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कवर 'ई जे के बी एच' होऊन पडली असतील. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फॉन्टची तऱ्हा वेगळी, आणि कुठला फॉन्ट होता हे सांगणारा ऑपरेटर आता दुसऱ्याच धंद्यात.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्रात या बाबतीत नीट झाली असं मला वाटतं, ती म्हणजे सातबाऱ्याचं चावडी वाचन. हाताने लिहिलेला सातबारा बंद करून संगणकावरचा आणायचा होता. २०१७ मध्ये संगणकातला सातबारा गावागावांत लोकांसमोर वाचून दाखवला गेला. कोणाचं नाव चुकलंय, कोणाचं क्षेत्र कमी पडलंय, ते ऐकणाऱ्यानेच सांगायचं. सगळ्या चुका निघाल्या असं नाही, तलाठ्याकडच्या चकरा अजून कोणाच्या चुकल्यात? पण जुनी आवृत्ती बाजूला ठेवण्याआधी नवी आवृत्ती तिच्याशी ताडून पाहायची, तीही ज्याची जमीन त्याच्यासमोर, हे तत्त्व अस्सल आहे. प्रोग्रामर याला टेस्टिंग म्हणतात. आपण चावडीवर केलं.

आता उलटं टोक. आधार काढायचाच नाही असं ठरवलं तर? त्याचं उत्तर कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. निळा पडदा, पिवळी अक्षरं, टर्बो सी प्लस प्लस. बोरलँड कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं १९९८ मध्ये. म्हणजे आपल्याकडची पोरं वर्षानुवर्षं मानक ठरण्याआधीची भाषा शिकत आली, डॉस नसलेल्या मशीनवर डॉसचा भास निर्माण करून. मग नोकरीच्या मुलाखतीत ती भाषा आता तशी लिहीत नाहीत हे कळायचं. बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यांना ८०८५ हा मायक्रोप्रोसेसरही आठवत असेल. तो १९७६ चा. मूलतत्त्व समजायला जुनं यंत्र चांगलं असतं, हे मला मान्य आहे. पण जुनं का शिकवलं जातंय याचं उत्तर 'प्रश्नपत्रिका तयार आहेत' हे असेल, तर तो शिकणाऱ्याला दिलेला आधार नाही. आणि याचं ओझं सगळ्यात जास्त कोणावर, तर ज्याच्या घरी दुसरा कॉम्प्युटर नाही त्याच्यावर. पुण्याचा पोरगा घरी जाऊन नवं शिकतो. मेहकरचा लॅबमध्ये जे आहे तेच शिकतो.

तर मग तारीख ठरवायची कशी? जगात सध्या दोन पद्धती चालतात.

एक कॅलेंडरची. पायथॉनने २०२० नंतर धडा घेतला. आता दर वर्षी ऑक्टोबरच्या आसपास नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं आधार. मोठा स्फोट नाही, दर वर्षी थोडं थोडं. नमपाय आणि तिच्या जोडीच्या वैज्ञानिक लायब्रऱ्यांनी २०१९ मध्ये स्वतःसाठी एक नियम सुचवला: पायथॉनची आवृत्ती आल्यापासून ४२ महिने तिला साथ द्यायची, मग सोडायची. यात फायदा असा की प्रत्येक वेळी भांडण होत नाही. कोणी विचारलं तर कॅलेंडर दाखवायचं.

दुसरी पद्धत डोकी मोजण्याची. वर्डप्रेस, ज्याच्यावर जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट चालतात, पीएचपीच्या बाबतीत हे करतं. पीएचपी ५.२ ची शेवटची दुरुस्ती जानेवारी २०११ ला आली. त्यानंतर ती आवृत्ती अधिकृतरीत्या मेली. वर्डप्रेसने मात्र मे २०१९ पर्यंत तिला सांभाळलं, आठ वर्षांहून जास्त. कारण स्वस्त होस्टिंगवर लाखो छोट्या वेबसाइट तिच्यावर होत्या आणि मालकांना पीएचपी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. एखाद्या जुन्या आवृत्तीवर पाच टक्क्यांपेक्षा कमी साइट उरल्या की तिला सोडायचं, असा त्यांचा ढोबळ नियम. पण सोडण्याआधी त्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये डॅशबोर्डवर सूचना दाखवायला सुरुवात केली: तुमची पीएचपी जुनी आहे, अशी अशी बदला.

मला मनापासून कोणती पटते? डोकी मोजण्याची पद्धत प्रेमळ वाटते, पण तिच्यात एक खोट आहे. मोजली जातात ती डोकी दिसणारी असतात. जे मशीन इंटरनेटला महिन्यातून एकदा जोडलं जातं, ते मोजणीत येतंच नाही. आणि पाच टक्के हा आकडा छोटा वाटला तरी त्यात कोण बसलंय ते बघा. नवा फोन घेऊ न शकणारा, होस्टिंगचं बिल वर्षातून एकदा कसंबसं भरणारा, जुनी मशीन दान मिळालेली शाळा. ते पाच टक्के जगभर सारखे पसरलेले नसतात. ते एका ठिकाणी साचलेले असतात. कॅलेंडर निष्ठुर दिसतं, पण ते निदान पाच वर्षं आधी सांगतं. त्या पाच टक्क्यांतल्या माणसाला सगळ्यात जास्त गरज आधी कळण्याचीच असते.

एक छोटी तांत्रिक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात माणुसकीची वाटते. पूर्वी लायब्ररीवाल्याने जुन्या पायथॉनचा आधार काढला, की जुन्या पायथॉनवाल्याने ती मागवताच नवी आवृत्ती उतरायची आणि सगळं मोडायचं. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या पिप ९ ने हे बदललं. लायब्ररीवाला आता नुसतं नोंदवतो की ही आवृत्ती अमुक पायथॉनपासून पुढे चालते. पिप मशीन बघतो, आणि जुनी असेल तर तिला झेपणारी शेवटची आवृत्ती शोधून देतो. कोणाला एररही दिसत नाही. आयपायथॉनच्या लोकांनी २०१७ मध्ये पायथॉन २ सोडला तो या सोयीच्या भरवशावर. ज्याला नवं नको त्याला जुनं मिळत राहिलं आणि पुढे जाणारे पुढे गेले. त्याच वर्षी इन्स्टाग्रामने आपला अवाढव्य कोड सेवा बंद न करता पायथॉन ३ वर नेला. तुम्ही तेव्हा फोटो टाकत होता, तुम्हाला पत्ताही लागला नाही.

१ जानेवारी २०२० ला पायथॉन २ चा आधार संपला. शेवटची आवृत्ती, २.७.१८, एप्रिल २०२० मध्ये आली, म्हणजे आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात बसलेलो तेव्हा. रेड हॅटने पैसे देणाऱ्या ग्राहकांसाठी तो पुढे जून २०२४ पर्यंत सांभाळला. आणि पायपाय नावाचा एक प्रकल्प आहे, तो आजही पायथॉन २.७ चालवून दाखवतो, कारण तो स्वतःच त्या जुन्या भाषेच्या एका रूपात लिहिलेला आहे. उद्या कोणाच्या दप्तरात २००६ चा प्रोग्राम सापडला तर तो वाचणारं कोणीतरी आहे.

तुमच्यापैकी जे फोनवरच टर्मक्स किंवा पायड्रॉइडमध्ये कोडिंग शिकताय, त्यांच्यासाठी आजचा गृहपाठ. पायथॉन उघडा. अगदी पहिल्या ओळीत आवृत्तीचा आकडा असतो. ३.९ असेल तर तिचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. ३.१० असेल तर तिची मुदत ऑक्टोबर २०२६. आणि बघताच आहात तर तुमच्या गावाच्या नावाची लांबीही विचारून बघा, किती येते ते कमेंटमध्ये टाका. जोडाक्षर असलेलं नाव असेल तर उत्तर बघून चक्रावाल, त्यावर पुढच्या भागात बोलू.